छोट्या विमान कंपन्यांपर्यंत सरकारी धोरण पोचतं का?

हँगर_हिशेबनीस

पुण्यातल्या एका छोट्या विमान कंपनीचे हिशेब मी बघतो. आमच्याकडे वेळापत्रकाची सेवा नाही. टर्बोप्रॉप, म्हणजे पुढे पंखा फिरणारी छोटी विमानं आहेत, कोणी भाड्याने मागितलं तर जायचं, कारखान्याची माणसं न्यायची-आणायची, रुग्ण हलवायचा असेल तर आत स्ट्रेचर बसवून तो न्यायचा. सरकारी भाषेत आम्ही 'नॉन-शेड्युल्ड'.

२०१६ च्या जूनमध्ये राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण आलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये 'उडान'चं, म्हणजे छोट्या शहरांच्या मार्गांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेचं, पहिलं विमान उडालं. तेव्हापासून छोट्या शहरांची विमानसेवा हा विषय दिल्लीत सतत असतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात तर दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं आणि ४ कोटी प्रवासी असं लक्ष्य जाहीर झालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण महिनाअखेरीला इंधनाची बिलं टेबलावर येतात तेव्हा त्यातलं आमच्या वाट्याला काय आलं हे शोधावं लागतं.

एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. मुंबई, पुणे, रायगडसाठी तो २५ टक्के होता, २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात १८ वर आला. ४० हजार किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानाला मात्र केंद्रीय विक्रीकर कायद्याने संरक्षण आहे, राज्याला त्यांच्याकडून ५ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आमचं विमान भरून जेमतेम पावणेसहा हजार किलोचं. तरी ही सवलत आम्हाला नाही, कारण कायद्यात 'शेड्युल्ड' कंपनीचं विमान असा शब्द आहे. इंधनाची एकच गाडी शेड्युल्ड कंपनीच्या एटीआरला, म्हणजे ७० आसनी टर्बोप्रॉपला, भरते आणि मग आमच्याकडे येते. त्यांच्या चलनावर एक दर, आमच्या चलनावर दुसरा. वर ग्राहकाला आम्ही १८ टक्के जीएसटी लावतो, त्यातून इंधनाचा व्हॅट वळता होत नाही.

माझं मत असं झालंय की सरकार मार्गाला मदत करतं, धंद्याला करत नाही. मार्गाचं उद्घाटन होतं, धंद्याचं होत नाही. तुम्ही प्रवासी असा, या क्षेत्रात काम करणारे असा, तुम्हाला काय दिसतं ते सांगा.

थोडक्यात

इंधनाच्या चलनाची गोष्ट माहीत नव्हती. वाचतोय.

खानदेशी_कट्टा

मी मूळचा चोपड्याचा, आता वाघोलीत. धंद्याचं मला कळत नाही, प्रवाशाचं सांगतो.

पुणे–जळगाव विमान २०२४ मध्ये सुरू झालं तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद आईला झाला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर चढणं शक्य नाही, खालचा मिळेलच याची खात्री नाही, आणि रेल्वे म्हणजे दौंड-मनमाड करत आख्खी रात्र. विमानात तासाभराच्या आत विषय संपतो. उतरल्यावर वाघोलीला घर जवळ. ती पहिल्यांदा आली तेव्हा भरताची वांगी घेऊनच आली. सामान तपासणाऱ्या पोरीने विचारलं, "मावशी, एवढी वांगी?" तर तिलाच भरीत कसं करायचं ते सांगून आली.

पण एक गोष्ट बघा. जळगावहून मुंबईला डिसेंबर २०१७ मध्ये १८-१९ आसनी विमान सुरू झालं, ते बंद पडलं. मग दुसरी कंपनी आली, तीही २०२२ मध्ये बंद झाली. मग आता ही. आमच्याकडचा माणूस तिकिटाचा भाव नंतर विचारतो, आधी विचारतो, "चालू आहे ना भो?" लग्नाची तारीख, डॉक्टरची अपॉइंटमेंट असल्या गोष्टी तो विमानाच्या भरवशावर ठरवत नाही, गाडीचं रिझर्वेशन करून ठेवतो. लोकांचा भरवसा बसेपर्यंत कंपनीला नुकसान सोसावं लागतं, आणि तो बसेपर्यंत कंपनीच जाते. हे चक्र तोडायचं तर काय करावं लागेल?

करदाता_पुणे

थोडं विरोधी बोलतो, राग मानू नका.

एसटीने पुणे–जळगाव जाणारा माणूस आठ-नऊ तास बसतो. त्याच्या बसला टायर चांगले मिळावेत म्हणून कोणी धोरण करत नाही. विमानाने जाणाऱ्याचं तिकीट स्वस्त व्हावं म्हणून मात्र सरकार पैसे घालतं. धंदा चालत नसेल तर तो बंद पडू द्यावा. पुणे–नाशिक विमान कोणाला हवं होतं? दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. विमानतळावर आधी जाऊन बसायचं, ओझरला उतरून पुन्हा शहरात यायचं. तेवढ्यात मोटार पोचते.

आकडेमोडे

@करदाता_पुणे, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण पैसा कुठून येतो ते बघू.

उडानमध्ये कंपनीला जी तूट भरून मिळते (सगळे त्याला व्हीजीएफ म्हणतात) ती प्रादेशिक जोडणी निधीतून येते. त्यातला ८० टक्के वाटा केंद्राकडून, आणि तो मुख्यतः मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या विमानांकडून प्रत्येक उड्डाणामागे गोळा केला जातो. म्हणजे पुणे–दिल्लीचा प्रवासी पुणे–जळगावच्या प्रवाशाला हातभार लावतो. उरलेला २० टक्के राज्याचा, तिथे तुमचा-माझा कर येतो. विमानतळ दुरुस्तीचा खर्च अर्थातच सरकारी, त्यासाठी केंद्राने सुरुवातीला साडेचार हजार कोटी मंजूर केले होते.

तिकीटही सगळं स्वस्त नसतं. निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा, तीही कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार ठरवले होते. बाकीची आसनं बाजारभावाने विकायची.

आता धागाकर्त्याच्या मुद्द्याला धरून कॅगचा ऑगस्ट २०२३ चा अहवाल. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, टिकलेले मार्ग ५४. दिलेल्या मार्गांच्या ७ टक्के.

याला नुसतं सरकार जबाबदार आहे असं मला वाटत नाही. मार्ग लिलावाने दिले जातात, जो कमी अनुदान मागेल त्याला मार्ग, आणि तीन वर्षं त्या मार्गावर तो एकटाच. त्यामुळे हातात विमान नसताना, पायलट नसताना, मार्ग अडवून ठेवण्यासाठी बोली लावणारेही होते. धोरणाने बोलीचा आकडा पाहिला, बोली लावणाऱ्याची ताकद पुरेशी पाहिली नाही.

हँगर_हिशेबनीस

@आकडेमोडे, बरोबर. त्या वेळी आमच्याकडेही बोली लावायची चर्चा झाली होती. मालकांनी हिशेब मांडायला सांगितला. कितीही ओढलं तरी मागायचा आकडा लिलावात टिकेल असा बसेना. आम्ही गेलो नाही. ज्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी खाली बोली लावली त्यांना मार्ग मिळाले, आणि पुढे काय झालं ते तुमच्या आकड्यांत आहेच.

निवृत्त_टॉवर

माझी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात गेली. खानदेशींनी विचारलंय चक्र कसं तोडायचं. माझ्या मते गाठ पैशात कमी आणि वेळेत जास्त आहे.

लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. सुखोईंचा तळ आहे, त्यांचा सराव आधी, आणि तो असायलाच हवा, देशाचं काम आहे. उरलेल्या वेळात नागरी विमानांना स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ. २०२४ च्या जुलैत नवं टर्मिनल उघडलं, बसायला जागा झाली, पण धावपट्टी तीच एक. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिचं काम होतं तेव्हा १६ ते २९ तारखेपर्यंत पुण्यातून एकही विमान उडालं नाही, आठवत असेल. दुसरी वाटच नाही.

आता स्लॉट द्यायचा झाला तर विमानतळ काय बघणार? १८० माणसांचं एअरबस आणि ७० माणसांचं एटीआर धावपट्टीवर जवळपास तेवढाच वेळ घेतात. हिशेबनीसांच्यासारखं हलकं विमान एअरबसच्या मागे उतरवायचं असेल तर मागची हवा ढवळलेली असते, म्हणून उलट जास्त अंतर सोडावं लागतं. त्यात शेड्युल्ड कंपन्यांच्या ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना २००४ पासून उतरण्याचं शुल्क माफ आहे. ही सवलत छोट्या कंपनीच्या भल्यासाठी दिली, आणि तिच्याचमुळे मोठ्या विमानतळाला छोटं विमान नकोसं झालं. उतरणावळ नाही, प्रवासी कमी, वेळ तेवढाच.

खानदेशींनी सांगितलेल्या २०१७ च्या विमानाला मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट मिळेना, ही तेव्हाची जाहीर तक्रार होती. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असतं. दुपारी एकला पोचवणारं विमान त्याच्या काय कामाचं? शेताला मोटर दिली आणि वीज रात्री दोनला सोडली, तसं ते झालं. अनुदान एका खात्याचं, वेळ दुसऱ्याच्या हातात.

दुसरं टोकही बघा. छोट्या विमानतळांचे कामाचे तास ठरलेले असतात, त्याला 'वॉच अवर' म्हणतात. टॉवर, अग्निशमन, सुरक्षा यांची माणसं तेवढ्या वेळेपुरतीच. विमानाला निघायला पुण्यात पाऊण तास उशीर झाला आणि तिकडचा वॉच संपत आला, तर वेळ वाढवून मागावी लागते, त्याचे पैसे लागतात, आणि मिळेलच असं नाही. मग उड्डाण रद्द. प्रवासी कंपनीला शिव्या देतो.

थोडक्यात

उतरणावळ माफ, म्हणून छोटं विमान नकोसं. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मालवणी_मेवा

आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा काय सांगू! ९ ऑक्टोबर २०२१ क उद्घाटन झाला तेव्हा मी कोथरूडातसून खास गावाक गेललंय बघूक. आख्खो जिल्हो लोटललो. मुंबईचा विमान तीन वर्षां चालला. तीन वर्षांचो करार संपलो, २०२४ च्या ऑक्टोबरात विमान बंद. आकडेमोड्यांनी सांगितलेला ता आमच्या डोळ्यासमोर घडला.

(बाकीच्यांसाठी पुणेरीत लिहितो.) पुणे–सिंधुदुर्ग मात्र ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस सुरू झालं, गणपतीच्या तोंडावर. तो पहिला गणपती मी विसरणार नाही. एरवी चतुर्थीच्या आदल्या रात्री कात्रजपासून गाड्यांची रांग, पुढे घाटात पाऊस, पोरं ओकतायत, पहाटे घरी पोचलो तर डोळे उघडत नाहीत. त्या वर्षी सकाळी निघालो आणि जेवायला पाटावर होतो. माझ्या वडिलांना तर पटेचना. ते रात्रीपासून फाटकाशी बॅटरी घेऊन बसायची तयारी करून होते.

पण चतुर्थीला आणि मे महिन्यात विमान भरलेलं, जुलैत कोण येणार? पावसात ढग खाली आले की उतरणं अवघड, रद्द होण्याची भीती. माझं म्हणणं, अनुदान वर्षभर सारखं देण्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये जास्त आणि मेमध्ये शून्य द्या.

थोडक्यात

@मालवणी_मेवा, एटीआरच्या पोटात आंब्याच्या पेट्या किती बसतात?

मालवणी_मेवा

तू ये मे महिन्यात, मी मोजून भरतंय. एक पेटी तुका.

पाना_पकड

मी विमान देखभालीतला इंजिनियर, परवानाधारक. बहुतेक आयुष्य छोट्या कंपन्यांच्या हँगरमध्ये गेलं. हिशेबनीसांच्या 'धंद्याला मदत नाही' या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. एका बाबतीत धोरण थेट आमच्या पान्यापर्यंत पोचलंय.

आधी विमानाच्या देखभाल-दुरुस्तीवर जीएसटी १८ टक्के होता. १ एप्रिल २०२० पासून तो ५ टक्के झाला. त्याआधी बाहेरदेशी विमान पाठवून काम करून घेणं परवडायचं, इथे करणं परवडत नव्हतं. मोठ्या कंपन्या पाठवायच्याही. छोट्याचं विमान सिंगापूरला न्यायचं तर इंधनातच दिवाळं.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. ब्रेकमधला एक सील असतो, रबराची रिंग, तळहातावर मावते. ती विमानाचा भाग की रबरी वस्तू, यावर कर ठरायचा. ५, १२, १८, २८, काहीही लागू शकायचं. वर्गीकरणाचा वाद झाला की रिंग कार्गोत पडून आणि विमान हँगरमध्ये जॅकवर उभं. ब्रेकशिवाय ते हलणार कसं? रोज हँगरचं भाडं चालू, विम्याचा हप्ता चालू, पायलटचा पगार चालू. मोठ्या कंपनीचं एक विमान उभं राहिलं तर शंभर उडतायत. आमचं एक उभं राहिलं तर निम्मी कंपनी बसली. १५ जुलै २०२४ पासून आयात होणाऱ्या सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) केला. त्या दिवसापासून हा वाद संपला. कोणी फीत कापली नाही, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या असतील. पण छोट्या कंपनीला मी म्हणेन उडानपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

माणसांचं मात्र दुखणं आहे. पोरगा आमच्याकडे येतो, शिकतो, परवाना घेतो, टाइप रेटिंग (ठरावीक जातीच्या विमानावर काम करण्याची पात्रता) घेतो आणि मोठ्या कंपनीत जातो. त्याला तरी दोष कसा देणार, पगार दुप्पट. पायलटचंही तेच. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, २०१७ मध्ये कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली, त्यावर पायलट मंडळी नाराज होती. छोट्या कंपनीला तेवढाच आधार.

करदाता_पुणे

पाना_पकड यांची पोस्ट आवडली. हे मला पटतं. कर सरळ करा, दर एक ठेवा, वाद कमी करा, त्यात कोणाला फुकट काही दिलेलं नाही. इंधनाच्या बाबतीतही हिशेबनीसांचं म्हणणं मान्य आहे. एकाच गाडीतल्या एकाच इंधनाला दोन दर का? पण मार्गाला पैसे देऊन विमान उडवायचं, याला माझा विरोध कायम आहे.

सोलापूरचा_शिवा

मग आमचं काय करायचं @करदाता_पुणे? आमच्याकडे विमानतळ होता, होटगी रोडवर, आणि विमान नव्हतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी धावपट्टीच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षं वाद, मोर्चे, कोर्टकचेऱ्या. १५ जून २०२३ ला ती पाडली. माझे मामा त्या कारखान्याचे सभासद. धूळ खाली बसल्यावर ते घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. माझा मित्र यंत्रमागवाला, टॉवेलचा धंदा, त्याने पेढे वाटले, कारण बाहेरचा खरेदीदार सोलापूरला यायला तयारच नसायचा. दोघंही माझी माणसं. इतकं मोडून विमानतळ उभा केल्यावर त्यावर विमान यावं यासाठी सरकारने दोन पैसे घालायचे नाहीत?

सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं. गोव्याचं विमान यायला जून २०२५ उजाडला, मुंबईचं ऑक्टोबर २०२५. म्हणजे उद्घाटनानंतर आठ महिने धावपट्टी चकचकीत आणि रिकामी. मुंबईसाठी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून द्यायचं ठरवलं तेव्हा गाडी हलली.

आकडेमोडे

सोलापूर–पुणे विमानाचीही मागणी होते. त्याला माझा पाठिंबा नाही. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, हुतात्मा एक्स्प्रेस आहे, रस्ता चौपदरी.

सोलापूरचा_शिवा

पुण्याला विमान कशाला हवं, पुण्यात निम्मं सोलापूरच राहतं! आम्हाला बेंगळुरू-दिल्लीला जोडा.

निवृत्त_टॉवर

शिवाचं बरोबर आहे, आणि करदाता यांनी पुणे–नाशिकबद्दल लिहिलेलंही बरोबर आहे. रस्ता चार-साडेचार तासांत नेत असेल तर विमानाच्या वाट्याला प्रवासी उरत नाही. मार्ग निवडताना नकाशावर रेघ मारण्यापेक्षा रेल्वेचं वेळापत्रक आधी बघायला हवं. पुण्याहून जळगाव, सिंधुदुर्ग, नांदेड हे खरे टर्बोप्रॉपचे मार्ग. तिथे रस्ता रात्र खातो.

बारामतीची_ताई

माझा मुलगा बारामतीला पायलटचं शिक्षण घेत होता, म्हणून लिहिते. उड्डाण प्रशिक्षण संस्था हाही छोटाच विमान व्यवसाय आहे ना? त्यांचं कोणी बोलत नाही.

परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. फी एकदम भरलेली, घर तारण ठेवून. आणि तास मिळेनात. कधी विमान दुरुस्तीला, कधी प्रशिक्षक सोडून गेले, कधी इंधन आलं नाही. पोरं पहाटे पाचला गणवेश घालून तयार बसायची आणि दुपारी खोलीवर परत. त्याच्या फोनवरच्या आवाजावरून मला कळायचं आज उडाला की नाही. संस्थेचं नाव घेत नाही, तिथले प्रशिक्षक जिवाभावाचे होते, पण संस्थेचीच ओढाताण चाललेली दिसायची. २०२० मध्ये अशा संस्थांसाठी सवलती जाहीर झाल्या असं वाचलं होतं. त्या बारामतीला का नव्हत्या?

निवृत्त_टॉवर

ताई, त्या सवलती विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांसाठी होत्या. उत्पन्नातला हिस्सा माफ केला, जागेचं भाडं कमी केलं, आणि जळगाव, बेळगावी, कलबुर्गी अशा ठिकाणी संस्थांना जागा दिल्या. बारामती प्राधिकरणाचा नाही. राज्याने २००९ मध्ये नांदेड, लातूर, यवतमाळ, धाराशिव आणि बारामती असे पाच विमानतळ खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या करारावर दिले होते. दिल्लीची सवलत तिथे आपोआप लागू होत नाही. हिशेबनीसांचं 'शेड्युल्ड' आणि तुमचं 'प्राधिकरण', दुखणं एकच. सवलत आहे, पण कागदावरच्या ज्या रकान्यासाठी ती लिहिली त्यात तुम्ही बसत नाही.

इंधनाचं थोडं सुधारलंय. लहान पिस्टन विमानांना लागणारं ॲव्हगॅस सगळं बाहेरून यायचं, सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइलने ते बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. मुलाचे तास पूर्ण झाले का?

बारामतीची_ताई

झाले काका. आता टाइप रेटिंगसाठी पैशांची जुळवाजुळव चालू आहे.

पाना_पकड

ताई, टाइप रेटिंगआधी छोट्या कंपन्यांत चौकशी करायला सांगा त्याला. पगार कमी, पण हात चांगला बसतो.

सासवडचा_अंजीरवाला

पुण्याच्या स्लॉटचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: पुण्यासाठी ठरलेला पुरंदरचा नवा विमानतळ झाला की सगळं सुटेल. आमची बाग पारगावात. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, ही सात गावं त्यात जातायत. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोनने मोजणी करायला आले तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

मी विमानाच्या विरोधात नाही. आमचं अंजीर दोन दिवसांत मऊ पडतं, विमानाने गेलं तर दूर जाईल हे मलाही कळतं. पण माझा एक प्रश्न आहे, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. नवा मोठा विमानतळ झाला की तिथेही मोठ्या कंपन्यांना आधी जागा आणि छोट्यांना रात्री अकराला, असंच होणार असेल, तर स्लॉटचा प्रश्न सुटेल म्हणून आमच्या जमिनी मागू नका. जळगावच्या आजीसाठी सकाळचा स्लॉट राखून ठेवू असं आधी लिहून द्या, मग बोला.

खानदेशी_कट्टा

दादा, माझ्या आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली. म्हणाली, "त्यांच्या जमिनीवरून मला नको बाई लवकर पोचायला, निदान भाव तरी नीट द्या म्हणावं."

सासवडचा_अंजीरवाला

माऊलींना नमस्कार सांगा. अंजीर पाठवतो, पत्ता निरोपातून द्या.

हँगर_हिशेबनीस

दोन दिवस कामात होतो, आज सगळं सलग वाचलं.

पाना_पकड, तुमचा आक्षेप मान्य. ५ टक्के आयजीएसटीचा फायदा आमच्या वह्यांतही दिसतो. मी ज्याला धंद्याची मदत म्हणतो ती अशीच असते: सगळ्यांना सारखी, मुदत नसलेली. तीन वर्षांची मदत हातात असताना बँकेला विमानासाठी कर्ज मागायला गेलं तर बँकेचा पहिला प्रश्न चौथ्या वर्षाचा असतो. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, करार सहा-आठ वर्षांचा, आणि उत्पन्नाची हमी तीन वर्षांची. हा मेळ कुठल्याही हिशेबात बसत नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पाआधी आमच्या व्यवसायातले काही जण मिळून निवेदन देणार आहोत. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री पुण्याचेच खासदार आहेत, एक प्रत त्यांच्या कार्यालयातही देऊ. या चर्चेतून मी तीन मागण्या घेतो. पहिली, इंधनाचा सवलतीचा दर विमानाच्या वजनावर ठरावा, 'शेड्युल्ड' शब्दावर नाही. रुग्णवाहिकेसारखं काम करणारं विमान तरी त्यात यावं. दुसरी, मोठ्या विमानतळांवर सकाळी आणि संध्याकाळी एकेक स्लॉट ८० आसनांखालच्या विमानांसाठी राखीव, आणि त्यांच्याकडून उतरणावळही घ्या. फुकट नको, वेळ द्या. तिसरी, जिथे अनुदानाचा मार्ग आहे तिथे उशीर झाल्यास वॉच अवर तासभर वाढवण्याचे पैसे कंपनीकडून घेऊ नयेत.

मालवणी_मेवा यांची मोसमी अनुदानाची कल्पना मला आवडली, पण ती केंद्राच्या करारात बदल मागते. ती वेगळी पाठवू.

निवृत्त_टॉवर

दुसरी मागणी लिहिताना लोहगाव वेगळं काढा. तिथला स्लॉट हवाई दलाशी बोलल्याशिवाय राखता येणार नाही, आणि निवेदन त्याच कारणावरून फेटाळलं जाईल. मुंबई आणि नवी मुंबईपासून सुरुवात करा. नवी मुंबई डिसेंबर २०२५ मध्येच सुरू झालाय, तिथल्या वेळा अजून भरायच्या आहेत. उशीर केला तर तिथेही हेच होईल.

बारामतीची_ताई

चौथी मागणी घाला: राज्याच्या विमानतळांवरच्या प्रशिक्षण संस्थांना प्राधिकरणासारखीच सवलत. मी सही करते, माझ्यासोबत अजून पालक करतील.

हँगर_हिशेबनीस

ताई, घातली. काका, लोहगाव वेगळं काढतो. मसुदा रविवारपर्यंत इथे टाकतो.

करदाता_पुणे

मसुदा टाका. पहिल्या, दुसऱ्या आणि ताईंच्या मागणीवर माझी सही घ्या. तिसरीवर नाही, ते पुन्हा अनुदानच झालं. त्यावर रविवारी भांडू.